भट्टीत न गेलेलं बाळ

सोमवार, ४ मार्च

प्रिय दादास,

तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. इकडे आमचं चाललंय. माझा खोकला गेला, कारखान्याचं गळकं छप्पर नीट करून घेतलं, बाबांचा फोटो हिने पुसून पुन्हा टेबलावर लावला. वेदी तयार आहे, बाळ येशू कुठे अडलाय, असं विचारलं आहेस. फादर झाल्यापासून तुझा तगादा फार गोड झालाय. पूर्वी सरळ कान पिळायचास.

मूर्ती झाली आहे. भाजायची राहिली आहे.

तू मातीकाम सोडलंस ते बरंच झालं (तुझा घोडा बाबांनी डुक्कर म्हणून खपवला होता), पण त्यांचा एक नियम तुला आठवत असेल. नाकपुड्या सगळ्यांत शेवटी कोरायच्या आणि आतली माती बारीक कुंचल्याने काढायची. तोंडाने फुंकायचं नाही. मातीच्या पहिल्या माणसाच्या नाकात फुंकर मारून जीव घालायचं काम देवाने केलं, आपण त्यात लुडबुड करू नये, असं म्हणायचे. ह्या बाळाच्या नाकपुड्या कोरल्या त्या दिवशी कुंचला हाताशी नव्हता. मी फुंकर मारली.

तेव्हापासून माती वाळेना. सोबत केलेले देवदूत वाळून खडखडीत झाले, हा मात्र मऊच. ओलं फडकंही गुंडाळलेलं नव्हतं. हात लावला तर कोमट लागायचा. वाटलं, खिडकीतलं ऊन असेल. पण त्या खिडकीतून ऊन कधीच येत नाही, दादा.

भाजण्याआधी मूर्ती पाठीकडून कापून आतून पोकळ करावी लागते, नाहीतर भट्टीत फुटते. मी पाठीला माती कापायची तार लावली. जेमतेम बोटभर आत गेली असेल आणि तारेखालची माती आक्रसली. मी सगळं तसंच टाकून घरात आलो. सकाळी पाहिलं तर चीर मिटलेली, तिच्या जागी कातडीवर उठतो तसा वळ.

"बरं बुजवलंस," मी हिला म्हणालो.

"मी? मला वाटलं तुम्हीच."

आम्हाला मूल नाही, यावर बोलणं आम्ही दोघांनी कधीच सोडून दिलं होतं. आता ही त्याला कारखान्यातून उचलून घरात घेऊन आली आहे. आमच्या खोलीत गादीवर निजवलंय. मी तळवे उघडे घडवले होते, आशीर्वादासाठी. काल त्यातली एक मूठ मिटलेली होती आणि मुठीत हिच्या शालीचा दोरा होता. ही स्वयंपाकघरात गुणगुणत भांडी घासत होती. मला भीती वाटली. आणि भीती वाटत असतानाच हिला असं खूश बघून फार बरं वाटलं, तेही लिहून टाकतो.

"भाऊजींना कळवून टाका," ही म्हणते, "चर्चला दुसरा करून देऊ."

तू प्रवचनात सांगतोस की देव नुसता माणसासारखा दिसला नाही, खराखुरा माणूस झाला. त्याला भूक लागली, थंडी वाजली, दुखलं. मी बाकावर बसून मान डोलवायचो. आता तूच सांग, हा तो आहे का? की आपल्यासारखाच कुणी मातीचा? तो असेल तर त्याला पाठीतून कापून पोकळ कसा करू? आणि तो नसेल, दुसराच कुणी जीव असेल, तर भट्टीत कसा घालू?

दादा, वर मी खोटं लिहिलं. नाकपुड्यांत माती उरलीच नव्हती, कुंचलाही हातातच होता. ही दारात उभी राहून त्या चेहऱ्याकडे बघत होती. मला ते बघवेना. मी हिच्यासाठी फुंकर मारली.

भट्टी पेटवणार नाही. वेदीसाठी दुसरा घडवीन, अगदी बाबांच्या नियमाने. तू मात्र लवकर ये, आणि भाऊ म्हणून नको, फादर म्हणून ये. आम्हाला ह्याचा बाप्तिस्मा करायचा आहे. नाव हिने ठरवलंय, मलाही सांगत नाही.

फक्त डोक्यावर पाणी घालशील ते बेताने घाल. तो अजून कच्चा आहे.

तुझा,
धाकटा