गाळलेलं बोलणं

१२ मार्च, गुरुवार. संध्याकाळ, अंबरपेठ.

आज एका म्हातारीने माझी चोरी पकडली. वाईट वाटायला हवं होतं. का वाटत नाही?

दिल्लीच्या संशोधक मॅडमना घेऊन दुभाषा म्हणून जवळच्या गावात गेलो होतो. ती म्हातारी, एल्लम्मा, अंगणात चिंचा फोडत बसली होती. मॅडमनी हिंदीत विचारलेलं मी तेलुगूत सांगितलं. तिने हात न थांबवता सुनावलं, "दरसाल कोणीतरी येतं, घरातलं सगळं विचारतं, परत तोंड दाखवत नाही. तुम्ही कशाला आलात?" मी मॅडमना एवढंच म्हणालो, "त्या कामात आहेत."

तिचे हात थांबले. "अरे बाबा, मी इतकं बोलले अन् तू एवढंसंच सांगितलंस? बाकीचं खाल्लंस काय?"

वीस वर्षं हेच करत आलो. दोन्हीकडची मनं राखायची म्हणून कडू तेवढं गाळायचं. त्याला सेवा समजत होतो. भित्रेपणाच की!

मग मॅडमना तिचं सगळं बोलणं सांगितलं. वाटलं, मुलाखत गेली. मॅडमनी वही मिटली. "जाधवजी, त्यांना सांगा, मी परत येईन असं वचन देता येत नाही. नको असेल तर उठते." हेही गोड न करता तसंच सांगितलं.

एल्लम्माने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग टोपली सरकवून जागा केली. "बस म्हणावं हिला. खरं बोलते."

पुढे दोन तास बोलली. नवऱ्याबद्दल वाईटसाईट, सरपंचाबद्दल त्याहून वाईट. मी एक शब्द गाळला नाही. आत्ता देवापुढे दिवा लावून हात जोडले, तेव्हा मन हलकं होतं.