वायरींची पंगत

आबा,

आज कागलच्या एका पाव्हण्यांनी त्यांच्या आजोबांची जुनी पांढरी गाडी दोर बांधून ओढत आणली. लेकीच्या वरातीला तीच गाडी हवी म्हणून घरच्या कुणीतरी इंजिन पुसायला घेतलं आणि स्पार्क प्लगच्या चारही वायरी उपटून ठेवल्या. "आता कुठली कुठं जाती, कुणालाच म्हाईत न्हाय बघा, ताई," पाव्हणे म्हणाले. मी बॉनेट उघडलं आणि तुमचा आवाज कानात आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असल्या इंजिनापुढं उभी राहिले की माझी मान आपोआप खांद्यात जाते. मागून फटका बसणार असं वाटतं.

तुम्हीच शिकवलं होतं. "रेडिएटरकडचा पहिला सिलिंडर मी. त्याच्या मागं तुझी आई, तिसरा दादा, चौथी तू. आता ठिणगी कशी फिरती? आधी मी, मग दादा, मग तू, शेवटाला आई. आपल्या घरात ताटं वाढत्यात तशी. पंगत चुकली तर इंजिन लाथ मारतंय. ध्यानात ऱ्हाईल?" न राहायची काय बिशाद! एकदा चुकले तेव्हा त्याच वायरीनं तुम्ही माझ्या पोटऱ्या फोडल्या होत्या. आणि पहिल्यांदा बरोबर लावल्या, त्या दिवशी लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणून हातात दिला. तो अजून माझ्या खिशात असतो. तो का टाकवत नाही, ते मला कळत नाही आणि त्याचाही राग येतो.

मला दुसऱ्याच एका दिवसाबद्दल लिहायचं आहे. आईला दोन दिवस ताप होता. सकाळी भाकरी थापता थापता तिनं चतकोर मोडून चटणीला लावली आणि तोंडात घातली. तुम्ही आंघोळ करून आत आलात. "माझ्या आदी खातीस?" एवढंच म्हणालात आणि चुलीजवळचा चिमटा उचलून तिच्या तोंडावर मारलात. ओठ फाटला. रक्त परातीतल्या पिठात पडलं. तोंडातला घास तिनं रक्तासकट गिळलेला मी बघितला; थुंकला असता तर दुसरा फटका बसला असता. मग तुम्ही ताटावर बसलात. तुमच्यानंतर दादा. मग मी. मीही जेवले, आबा. त्या भाकरीची चव अजून माझ्या तोंडात आहे.

त्याच दिवशी आपल्या गॅरेजमध्ये अशीच एक गाडी उभी होती. दादानं प्लग साफ करून वायरी लावल्या. बरोबर लावल्या, मी शेजारीच उभी होते. तो बॅटरी बघायला वळला आणि मी, जिथून चारही वायरी निघतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरच्या दोन वायरी काढून अदलाबदल केल्या, तुमची आणि आईची. आता ठिणगी आधी आईला जाणार होती, मग दादाला, मला, आणि शेवटी तुम्हाला. मला वाटलं, इंजिन दोन आवाज काढेल, गिऱ्हाईक हसेल, तुमची जिरेल. पण टाकी कोरडी होती. तुम्ही कार्बोरेटरवरचा हवेचा फिल्टर काढलात, बाटलीत पेट्रोल घेतलंत आणि ते आत ओतायला ओणवे झालात. ओरडायला वेळ होता. मी ओरडले नाही.

"मार सेल!" तुम्ही म्हणालात. दादानं चावी फिरवली. भडाका झाला आणि कार्बोरेटरच्या तोंडातून जाळ वर आला. बाटली पेटली, तुमची बाही पेटली, मिशी, भुवया. जळक्या केसांचा वास सुटला. मी पाण्यातलं पोतं तुमच्यावर टाकलं. खोटं कशाला बोलू, तुम्हाला गुरासारखं हंबरताना ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पोतं झटकून तुम्ही उठलात ते चाकाचा पाना घेऊनच.

"वायरी कुणी लावल्या?"

"मीच की," दादा म्हणाला. त्यानंच लावल्या होत्या ना.

पहिला फटका त्यानं हातावर झेलला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. "बरोबर लावल्या हुत्या, आबा! आईशप्पथ बरोबर लावल्या हुत्या!" तो ओरडत होता आणि तुम्ही त्याच हातावर मारत होता. तुमच्या तळव्याची सोललेली कातडी पान्याला चिकटली होती, तरी सोडत नव्हता. मी ओलं पोतं धरून उभी होते. तेव्हाही वेळ होता.

त्याच आठवड्यात दादा घर सोडून इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला. तुमच्या मातीलाही आला नाही. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. माझ्यापेक्षा तो फार चांगला मेकॅनिक झाला असता. गॅरेज त्याचं होतं. ते मला मिळालं.

आज पाव्हण्यांची गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. तुमच्याच क्रमानं लावल्या वायरी, दुसरा क्रम त्या इंजिनाला चालतच नाही. आई आता माझ्याकडे असते. पहिलं ताट तिला वाढते, तर ती झाकून ठेवते आणि सगळ्यांचं झाल्यावर बसते. मी ओरडते तिच्यावर. परवा ताट आपटलं. तिनं पटकन ओठावर हात धरला.

तुम्हाला लिहायला सोपं जातं, तुम्ही काही वाचणार नाही. हे ज्यानं वाचायला हवं तो तासाभराच्या बसवर राहतो. दुपारी मी त्याला फोन लावला, सांगायचंच म्हणून. आधी पांढऱ्या गाडीचं सांगितलं. त्याच्या पाठीमागं यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. मग दरवेळी विचारतो तेच त्यानं विचारलं, "मी बरोबर लावल्या हुत्या गं. तुला तरी पटतंय न्हवं?"

"जाऊ दे की, दादा," मी म्हणाले. "चुकतंय माणूस."