वहिनीचं बोट

२ जून, संध्याकाळ
नेमबाजी क्लबच्या सामन्यातून बाद. मॅगझिन बदलताना माझं बोट ट्रिगरवर होतं म्हणे. हे म्हणणारी, सुरक्षेचे नियम बघणारी रेंज ऑफिसर म्हणजे माझी सख्खी वहिनी. मी कारखान्यात मापनयंत्रं तपासते. माझं बोट कुठे असतं ते मला कळतं. वाद घातला नाही. पिस्तूल रिकामं करून दाखवलं, पेटीत ठेवलं. उट्टं काढणार, पण आवाज न चढवता.

३ जून
जेवताना दादाने दोघींची बाजू घेतली, म्हणजे कोणाचीच नाही. वहिनीने माझ्या ताटात जास्तीचं वाढलं. लाच आहे. खाल्ली.

७ जून
ठरलं. वहिनीची चूक पकडायची, तीही बोटाचीच. रेंजवर माणूस सावध असतो, घरात नसतो.

९ जून
पडद्याचा रॉड वहिनीच बसवत होती. ड्रिल भिंतीला टेकेपर्यंत बोट बटणाबाहेर, सरळ. स्टुलावरून उतरतानाही टोक भिंतीकडेच. झाडांवर पाणी मारायची स्प्रेची बाटलीसुद्धा तशीच धरते. बाई झोपेत तरी चुकते का, असं दादाला विचारलं. तो पेपर घेऊन बाल्कनीत गेला.

१४ जून
रविवारी निवड-सामना. यात बाद झाले तर संघातली जागा गेली. सराव राहिलाय, पण वहिनीवर नजर ठेवणं जास्त गरजेचं.

१६ जून
सापडली. निवड-सामन्यात माझी फेरी चालू होती. वहिनी टायमर घेऊन मागे, जरा बाजूला उभी. घाम पुसायला तिने सुरक्षेचा चष्मा कपाळावर चढवलेला. रेंजवर तो प्रत्येकाच्या डोळ्यांवरच हवा. मी तिथल्या तिथे वळून तिच्या कपाळाकडे हात केला. उजवा. पिस्तूल त्याच हातात होतं.

वहिनी "थांब" म्हणाली. नळी खाली मातीच्या बांधाकडे वळवायला लावली, पिस्तूल रिकामं करून घेतलं. पेटी बंद झाल्यावर तिने आधी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाली, "बोट बाहेर होतं हं या वेळी."

१७ जून
चष्म्याची तक्रार दिली. वहिनीने लगेच मान्य केली, माफीही मागितली. म्हणजे मीच जिंकले. संघातली माझी जागा दुसरीला मिळाली, तो वेगळा विषय.

संध्याकाळी झाडांवर पाणी मारलं. बोट बाटलीच्या बाजूला, सरळ. वहिनी बघत नाही ना, ते आधी पाहून घेतलं.