भट्टीच्या भिंतीवरचा निळा पट्टा

३ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. आईचं गुडघ्यांचं रडगाणं चालू आहे, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे असं समज. तुझ्याकडची खुशाली तू कळवणार नाहीस, तेव्हा ती विचारत बसत नाही.

फोन तू उचलत नाहीस. परवा बेकरीपाशी गाडी थांबवली तर माझ्या तोंडावर शटर ओढलंस. गिऱ्हाइकं बघत होती. नगरसेविकेच्या तोंडावर शटर ओढणारा गावातला तू पहिलाच, आणि तोही सख्खा भाऊ. समोरचा औषधवाला हसू लपवायला बाटल्यांमागे गेला. म्हणून हे पत्र. फाडण्याआधी निदान वाच.

घर रिकामं करायची नोटीस तुला मिळाली, हे मला ठाऊक आहे. ती मी पाठवली नाही, कार्यालयाने पाठवली. खाली सही माझी आहे, कारण विकास समितीच्या अध्यक्षाची सही लागते आणि अध्यक्ष मी आहे. एवढ्यावरून बहिणीशी बोलणं टाकतात का?

मी निवडणुकीला का उभी राहिले, ते तू विसरलास. नदीकाठची आपली गल्ली पुरात बुडाली, मास्तरांची आई अंथरुणातच गेली, आणि चिखल वाळायच्या आत त्या बिल्डरने तिथल्या सात मजली इमारतींचे नकाशे आणले. तेव्हा मी म्हटलं, गाव वाढू दे, पण नदीच्या उरावर बसून नको. ‘वाढू, पण बघून वाढू’ ही घोषणा तुझ्याच भट्टीपुढे बसून सुचली. प्रचाराची सगळी फौज तुझ्या पावावर जगली. माझ्याविरुद्ध उभा राहिलेला तो बिल्डर पडला, मी निवडून आले. तू तर नाचला होतास.

आता तेच खरं होतंय, तर तुला झोंबतंय. पुराचं पाणी जिथवर चढलं तिथवर आपण प्रचारात भिंतीभिंतींवर निळा पट्टा ओढला होता. पट्टा असलेली सगळी घरं उठवायची, काठ मोकळा ठेवायचा आणि सगळ्यांना वरच्या माळावर प्लॉट द्यायचे, अशी योजना आहे. पण सगळे उठले तरच. पट्टा असलेलं एकही घर मागे राहिलं तर योजना रद्द. आणि तुझ्या भिंतीवर पट्टा आहे.

तो कसा आला, हा विषय आता नको. प्रचाराच्या धामधुमीत कुठे कुठे रंग लागला ते कोण लक्षात ठेवतं.

भट्टी उचलून नेता येत नाही, हे मला शिकवू नकोस. बाबांनी ती बांधली तेव्हा त्यांच्या हातात विटा मी देत होते. तू पाळण्यात होतास. माळावर नवी बांध. नव्या भट्टीत पाव नीट फुगत नाही म्हणतोस, तर लोक काही दिवस चपटा खातील. त्याने कोणी मरत नाही. पुराने मरतात.

सोमवारी सुनावणी आहे. येऊ नकोस. तब्येत बरी नाही अशी चिठ्ठी पाठव, पुढचं मी बघते. आलास तर मला खुर्चीतून बोलावं लागेल, आणि खुर्चीतून मी कशी बोलते ते तू अजून ऐकलेलं नाहीस.

तुझं भलंच बघणारी,
ताई


११ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव, मी माझ्याकडून पाठवते आहे.

आलासच शेवटी. लग्नाकार्याचा शर्ट घालून आलास आणि कोपराला पीठ तसंच. मला आधी तेच दिसलं. हाक मारून झटकायला सांगणार होते.

तू म्हणालास, “पाणी माझ्या पायरीलाही लागलं नव्हतं. पट्टा फोटोसाठी काढला. ताईनेच काढला, विचारा तिला.”

शब्द न् शब्द खरा आहे. उमेदवाराच्या भावाचीच भिंत कोरी, फोटो कसा दिसेल, असं फोटोवाला म्हणाला. ब्रश मी घेतला, डबा तू धरलास. “फोटोपुरताच ना, ताई? मग कमरेएवढा काढ की! घोट्याएवढ्या पुराची कसली शोभा?” हे वर तूच म्हणालास. हसून हसून माझ्या हातातला ब्रश थरथरत होता. पट्टा मध्येच वाकडा झालाय तो त्यामुळे. यातलं मी काहीही विसरलेले नाही. फक्त सभागृहात बोलले नाही.

बोलले ते तू ऐकलंस. “माझ्या भावाचं दुकान जातंय, त्याच्या बोलण्याचा राग मानू नका. पुराच्या दिवशी मी त्याच घरात होते. पाणी कमरेपर्यंत होतं.” मी त्याच घरात होते, एवढं त्यात खरं होतं.

तू माझ्याशी वाद घातला नाहीस. गल्लीकडे वळलास. “तुम्ही सांगा ना. सगळे माझ्याकडेच होतात. पोरांना मैद्याच्या पोत्यांवर कुणी निजवलं? मास्तर, तुमचे कपडे माझ्या भट्टीवर वाळले की नाही?” मास्तर स्वतःची नखं बघत राहिले. मग मी विचारलं, बेकरीत पाणी शिरलेलं ज्यांनी पाहिलं त्यांनी हात वर करा.

औषधवाल्याचा हात आधी गेला. मग शिवणवाल्या बाईंचा, मग बाकीच्यांचे. मास्तरांचा सगळ्यांत शेवटी गेला, पण गेला. त्यांच्यावर राग धरू नकोस. त्यांच्या घरांत पाणी खरंच शिरलं होतं, आणि तुझं घर कोरडं निघालं असतं तर त्यांचे प्लॉट गेले असते.

आईनेही हात वर केला. पहिल्या रांगेत तिला मीच बसवली होती. तिला काही ऐकू येत नाही. मी खुर्चीतून हात वर करून दाखवला, तिने केला. गाडीत मला विचारते, “कशाला गं हात वर करायचा होता?” मी म्हटलं, “धाकट्याचं काम होतं, आई. झालं.” खूश झाली. रात्रीचं जेवण दोन घास जास्त जेवली.

मला वाईट वाटलं का, असं तुझ्या बायकोने दारात उभं राहून विचारलं. वाटलं. पण बिल्डरचा वकील मागच्या रांगेत पाय पसरून बसला होता. एक पट्टा खोटा निघाला असता, तर त्याने सगळे खोटे ठरवले असते. काठावर इमारती उभ्या राहिल्या असत्या आणि पुढच्या पुरात किती मास्तरांच्या किती आया गेल्या असत्या. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन. आणि खोट्या पट्ट्यावर निवडून आली, असं मला कोणी म्हणायला नको होतं. हेही आहे. तुझ्यापासून काय लपवू.

आता एक बातमी, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. शेजारच्या बाजारपेठेतल्या लोकांसाठी पुरात आसरा घ्यायला एक मोठा हॉल बांधायचाय. कितीही मोठा पूर आला तरी जिथे पाणी पोचणार नाही अशी जागा इंजिनिअर महिनाभर शोधत होता. त्याने तुझी जागा सुचवली. सुनावणीचा ठराव सही करून मी बाजूला सारला आणि त्याच दुपारी हा कागद पुढे आला. दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणी वाचले नाहीत. मीही नाही. सही केली.

हॉलला बाबांचं नाव देणार आहे. इंजिनिअर भला माणूस आहे. म्हणाला, भट्टी ठेवू या, ओले होऊन आलेल्यांना ऊब होईल. मी म्हटलं, पाडा. ती भिंत उभी राहिली तर लोक पट्टा बघतील, मग कोरडी जमीन बघतील, मग माझ्याकडे बघतील.

माणसं गुरुवारी सकाळी येतील. त्याआधी भट्टी विझवून ठेव. तापलेल्या विटा काढताना त्यांचे हात भाजायला नकोत. आई विचारतेय, धाकट्याचा पाव हल्ली का येत नाही. शेवटचा घाणा निघाला की तिच्यापुरता एक पाठव. माझ्यासाठी पाठवू नकोस, पाठवलास तरी मी खाणार नाही.

पुरात तुझ्या भट्टीपाशी कोरडी राहिलेली,
ताई