पाठमोरी शेवंती

शिरूर,
मंगळवार, दिनांक २० नोव्हेंबर २००७

तीर्थस्वरूप मालनताई हिस,
धाकट्या आतेभावाचा, म्हणजे नवनाथचा, सविनय जयभीम.

तुझे गुडघे, भावजींचा दमा आणि तुझा राग या तिघांची प्रकृती कशी आहे, ते याच क्रमाने कळवावे. इकडे सर्व क्षेम. माझा रक्तदाब काल सकाळी एकशे तीस-पंच्याऐंशी होता. तुझा फोन येऊन गेल्यावर तो पुन्हा मोजण्याचे मी टाळले. फोनवर तू दोनच वाक्ये बोललीस. पहिले, ‘म्हाताऱ्याच्या डोक्याशी खेळाया तुला दुसरं घर न्हाई गावलं व्हय रं?’ आणि दुसरे, ‘आता हिकडं फिरकू नगंस.’ यावर मी ‘ताई’ एवढे म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. संबंधिताचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय कारवाई करू नये, ही रीत आमच्या कारखान्यातसुद्धा होती (तेथे मी सव्वीस वर्षे स्टोअर सांभाळले आणि माझ्या सहीवाचून एक वॉशरही बाहेर गेला नाही, हे तू जाणतेस). सबब हे पत्र. ते तू स्वतः चष्मा लावून वाचावेस. सूनबाईंना वाचायला सांगू नयेस; राजश्री वाचता वाचता हसते आणि मजकुराचे गांभीर्य जाते.

मूळ गोष्ट जुलैतली. मी केंदूरला तुझ्याकडे आलो होतो. भिमाजीमामांनी मला ओळखले नाही, याचे मला दुःख झाले. त्यांनी तुलाही ‘ओ बाई’ अशी हाक मारली, तेव्हा माझे दुःख थोडे कमी झाले (खरे ते लिहितो). पण दिवस कलल्यावर ते अंथरुणात उठून बसले आणि विचारू लागले, ‘शेवंतीला पाणी दावलं का?’ तू म्हणालीस, ‘दावलं, आबा.’ ‘खोटं. मग दिसंना कशी?’ असे तीनदा झाले आणि मामा न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रोजचेच आहे, असे सांगत तू ताट झाकलेस. ताई, शेवंतीला जाऊन सदतीस वर्षे झाली. दौंड स्टेशनवरचा मामांचा तो टांगा, ती घोडी, दारातला तो लिंब, यांपैकी कशाचाही फोटो आपल्या घरात नाही. त्या काळी माणसांचाच फोटो निघण्याची मारामार, तेथे घोडीचा कोण काढणार? परतताना एसटीत मी एवढेच ठरवले, की मामांना शेवंती दिसली पाहिजे. पुढे जे जे घडले, ते या एका निश्चयाचे परिणाम आहेत.

आमच्याकडे एका खतांच्या दुकानाच्या माडीवर ज्ञानेश्वरी नावाची मुलगी संगणकावर प्राणी घडवायला शिकवते. वय चोवीस, पुण्याला शिकून आलेली. दारावर तिने जबडा पसरलेला डायनासोर लावला आहे. ‘येथे घोडी शिकवता का?’ असे मी विचारले. ती म्हणाली, ‘सर, ड्रॅगन शिकवते, मग घोडीचं काय एवढं?’ हा युक्तिवाद सदोष होता, हे कळायला मला तीन महिने लागले. ड्रॅगनचे काहीही चुकले तरी ‘तो असा नव्हता’ म्हणणारे कोणी जिवंत नसते. शेवंतीच्या बाबतीत अशी तीन माणसे आहेत, आणि त्यांतले एक तू आहेस.

रीत अशी. पडद्यावर आधी राखाडी गोळा येतो, कणकेच्या उंड्यासारखा. आपल्या पुढ्यात पाटी, हातात प्लॅस्टिकचा पेन. पेन टेकवून ओढला की गोळ्यातून मान निघते, दाबला की खळगा पडतो. चिकणमातीचेच काम, फक्त हात कोरडे राहतात. (भीमेवरून माती आणून तू अंगणात बैल करायचीस आणि कोपरापर्यंत काळी व्हायचीस. मला एक शिंगसुद्धा करू द्यायची नाहीस. ‘तू निस्तं मोजत बस,’ म्हणायचीस. मी मोजत बसे.) आणि एक सोय अशी, की चूक झाल्यावर दोन कळा एकदम दाबल्या की ती चूक झालेलीच नाही, असे होते. पंचावन्न वर्षांत अशी सवलत मला कोणी दिली नव्हती. तिचा मी इतका लाभ घेतला, की पहिल्या आठवड्याच्या शेवटी पडद्यावर पुन्हा राखाडी गोळाच होता.

मापांवाचून काम करणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून टेप घेऊन मी वरातीची घोडी ठेवणाऱ्या एका गृहस्थाकडे गेलो. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारले, ‘नवरदेव कुठंय?’ मी म्हणालो, मलाच पाहिजे आहे. तो फार समजूतदारपणे म्हणाला, ‘असू द्या साहेब, वयाचं काय न्हाई. तारीख सांगा.’ तारीख नको, खुरापासून पुठ्ठ्यापर्यंतचे अंतर हवे आहे, हे त्याला पटवण्यात माझी अख्खी सकाळ गेली.

या मापांवर शेवंती उभी राहू लागली. पुठ्ठे, शेपटीचा झुपका, पाठीवरचा पट्ट्याने घासलेला डाग, मान, आयाळ. मग कान आले आणि पहिला घोटाळा झाला. या संगणकात अशी व्यवस्था असते, की डावीकडे जे करावे ते उजवीकडे आपोआप होते. मला ही व्यवस्था अत्यंत आवडली होती. परंतु तुला आठवत असेल, शेवंतीचा उजवा कान रस्त्याकडे असे आणि डावा मागे वळलेला, मामांच्या बोलण्याकडे. मी डावा वळवला की उजवाही वळे. ज्ञानेश्वरी म्हणाली, ‘सर, दोन्ही कान मागे म्हणजे घोडी चिडलीय. आता चावेल.’ शेवटी मी ती व्यवस्था बंद केली आणि स्वतःच्या हाताने दोन बाजू असमान केल्या. तुला हे क्षुल्लक वाटेल. ज्याने सव्वीस वर्षे रॅकवरचे डबे रेषेत लावले, त्याला विचार.

यानंतर तोंड. आणि ताई, मला तोंड येईना. अकरा वेळा केले. ‘सर, हा उंट आहे,’ ‘सर, ही शेळी बरी आहे, ठेवा,’ आणि एकदा नुसतेच, ‘सर, हे कोण?’ बाकीचे विद्यार्थी आपापल्या राक्षसांना तिसरा डोळा बसवत होते आणि मी घोडीला पहिले दोन बसवू शकत नव्हतो. मग मी शांतपणे बसून विचार केला. पाचवीपासून अकरावीपर्यंत सात वर्षे मी मामांच्या घरी राहून शिकलो. रोज सकाळी टांग्यात मामांच्या डाव्या हाताला बसून शाळेत गेलो. सात वर्षे मी शेवंतीला पाहिले ते मागून! तिच्या शेपटीचा केस न् केस मी सांगेन. तोंड कधी समोर आलेच नाही. तिच्या तोंडाला दाण्याचा तोबरा तू बांधायचीस, अंगाला खरारा तू करायचीस. मी उडी मारून बसे आणि उडी मारून उतरे.

हे मी ज्ञानेश्वरीला सांगितले. तिने पेन खाली ठेवला आणि विचारले, ‘सर, आणि मामांना? मामांना ती कुठून दिसायची?’

मी लेखी उत्तर देण्यासाठी दोन दिवस मागून घेतले असते, पण उत्तर तेथेच होते. सबंध हयातभर, दिवसाला आठ-दहा फेऱ्या, मामांना शेवंती दिसली ती माझ्याच जागेवरून. चार बोटे उजवीकडे, इतकेच.

म्हणून तसे चित्र काढले: मामांच्या बैठकीवरून दिसेल तसे, पुढे कान, अलीकडे पाठ. खऱ्या आकाराचे हवे, म्हणून फ्लेक्स छापायला दिला. फ्लेक्सवाल्याने विचारले, ‘मजकूर काय?’ मी म्हणालो, मजकूर नाही. त्याला वाटले, मी विसरलो. बिचाऱ्याने आपल्या मनाने खाली लाल अक्षरांत ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि त्याखाली ‘शुभेच्छुक: समस्त मित्र परिवार’ असे छापून ठेवले. बिनमजकुराचा फ्लेक्स त्याने कधी पाहिलाच नव्हता. तो भाग मी मागे दुमडून शिवला. ती शिवण उसवली, हा माझा अपराध मी मान्य करतो.

परवा रविवारी मी केंदूरला पोचलो, तेव्हा तू कासुर्डीला नणंदेच्या नातवाच्या नामकरणाला गेली होतीस. (तुझी गैरहजेरी मी साधली, असे तू म्हणतेस. मी राजश्रीकडून तिची आधी खात्री करून घेतली होती, एवढेच.) अंगणात दुसरी दोरी नव्हती, म्हणून तुझे धुणे मी कुंपणावर ठेवले आणि फ्लेक्स बांधला. शेजारच्या दगडाबाई आल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, ‘वाढदिस कुणाचा म्हनायचा ह्यो? मानसानं तोंड तरी फिरवाय पायजे का न्हाई!’ तेव्हाच मला शिवणीचे कळले.

मग मी आणि राजश्रीने मामांना धरून बाहेर आणले आणि खाटेच्या कडेला बसवले. वाऱ्याने फ्लेक्स हलत होता. मामा बराच वेळ पाहत राहिले. मी घड्याळ पाहिले नाही, यावरून तू काय ते समज. मग ते हळूच म्हणाले, ‘ऐकतीया बघ.’ डाव्या कानाकडे त्यांची नजर होती. खालच्या कोपऱ्यांना बांधलेल्या सुतळीची दोन्ही टोके त्यांनी हातात घेतली, बोटांत लगाम असतो तशी घोळवली आणि टाळूला जीभ लावून तो आवाज काढला. ताई, तो आवाज मी सदतीस वर्षांत ऐकला नव्हता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बस की नवनाथा. घंटा व्हईल.’

मी बसलो. डाव्या हाताला. सुतळी ओढली की घोडी हाले. मामांनी रेल्वे फाटक ओलांडले, मग वखार, मग चढ. चढावर ‘शेवंते, हूं, हूं’ म्हणाले. राजश्री दारात तोंडावर पदर धरून उभी होती, पण (तिच्या बाजूने लिहितो) हसत नव्हती. मग मामांनी सुतळी ओढून धरली. ‘उतर. शाळा आली.’ मी काय करणार? उतरलो. माझे वजन ब्याऐंशी किलो आहे, खाट वर उचलली गेली, पण मामांनी मागे पाहिले नाही. जीभ वाजवून ते स्टेशनकडे निघून गेले, एकटे. मी अंगणात उभा राहिलो आणि साडेतीनच्या एसटीने परत आलो.

त्यापुढचे मला राजश्रीने कळवले: तू आलीस, धुणे कुंपणावर पाहिलेस, लाल अक्षरे वाचलीस आणि फ्लेक्स उतरवलास, आणि मामा ‘घोडी कुनी सोडली?’ म्हणून रात्री जेवेपर्यंत रडत होते. ताई, तुझा राग योग्य आहे. दाखवायचे कसे, याचा मी चार महिने विचार केला. काढून घ्यायची वेळ येईल, याचा एक मिनिटही केला नाही. इतक्या नेटक्या माणसाकडून एवढी मोठी गोष्ट सुटली, याची मला लाज वाटते.

भावजींना जयभीम. राजश्रीला आशीर्वाद. मामांना काय सांगावे, ते खाली लिहिले आहे.

तुझा,
नवनाथ

ता. क. १: शेवंतीचे तोंड कसे होते, ते सवडीने लिहून पाठव. कपाळावर पांढरे होते का, डोळे कोणत्या रंगाचे. मामांना त्याची गरज नाही, हे आता सिद्ध झाले आहे. मला आहे. सात वर्षे तिने मला शाळेत पोचवले आणि उतरल्यावर चार पावले पुढे जाऊन मी एकदाही तिच्यासमोर उभा राहिलो नाही.

ता. क. २: एक गोष्ट मी वर लिहिली नाही, कारण ती वाचून तू पत्र फाडशील अशी भीती होती. मी खाटेवरून उतरलो तेव्हा मामांनी विचारले, ‘कवा सुटती शाळा?’ माझ्या तोंडून निघून गेले, ‘पाचला.’ ते म्हणाले, ‘मग हाय मी हितंच. येतो न्ह्यायला.’ त्या माणसाने सात वर्षांत मला एकदाही वाट पाहायला लावले नाही. तेव्हा फिरकू नकोस म्हणालीस तरी येत्या रविवारी पाच वाजता मी तुझ्या अंगणात उभा असेन. फ्लेक्स बांधून ठेव आणि मामांना सांग, नवनाथची शाळा पाचला सुटते. या खेपेस तो उतरवू नये. घोडी घरी आली आहे.