तिसऱ्या खाचेतला लाल दिवा

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज क्लासमध्ये माझं पहिलं लेक्चर. दहा मिनिटांत कॉलर माइक गेला. ओरडून शिकवत राहिले, मागच्या बाकांवरची पोरं हसत राहिली.

सकाळीच क्लास चालवणाऱ्या सरांना सांगितलं होतं. आठ सेलच्या चार्जरवर सगळे दिवे हिरवे, फक्त तिसऱ्या खाचेतला लाल लुकलुकत होता. तिथं दुसरा सेल घालून पाहिला, तर हिरवा लागला. म्हणजे चार्जर ठीक, सेलच चुकीचा. काढलेला नीट पाहिला तर भिंतीवरच्या घड्याळाचा साधा सेल, चार्जिंगचा नव्हेच. गरम झालेला, बुडाशी ओल सुटलेली. सरांनीच घातला होता.

"सेल म्हणजे सेल, मॅडम. तुम्ही इतिहासवाल्या, कशाला करंटात पडता?" असं म्हणून त्यांनी तोच रुमालानं पुसून माझ्या माइकमध्ये बसवला. मी तो कॉलरला लावून घेतला. का?

लेक्चरनंतर म्हणाले, "तुमचा आवाज पोचत नाही. उद्यापासून पेपरच तपासा."

तो सेल पर्समधून घरी आणला. कशासाठी, माहीत नाही. अण्णांनी उचलून खिडकीत ठेवला. "उन्हात ठिवला की जीव येतो त्याच्यात. लेक्चर लई भारी झालं असंल ना, पोरी?"

"नाय येत जीव, अण्णा. तुम्हाला काही कळत नाय."

ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

डोळ्यांसमोर अजून ती तिसरी खाच, तो लाल दिवा. अण्णांवर ओरडले ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. आवाज पोचत नाही म्हणे.