सत्तावीस सेकंद

सोमवार, ३ नोव्हेंबर २००३
वरच्या मजल्यावरच्या मैत्री मॅडम पीएच.डी. करतायत. माणसाला मुद्दाम वेदना द्यायची आणि मेंदूच्या लहरी कशा बदलतात ते मोजायचं. डोक्याला वायरी, हात तीन मिनिटं बर्फाच्या पाण्यात. व्हॉलंटिअर हवेत. लगेच नाव दिलं. वेदना ही केवळ मनाची समजूत असते, हे मी शर्मिलाला डिलिव्हरीच्या वेळीही समजावलं होतं. मुलगी चार महिन्यांची झाली, शर्मिला अजून त्या विषयावर धड बोलत नाही. आता सायंटिफिक पुरावाच देतो.

बुधवार, ५. सकाळी ६.३०
सराव. बादलीत दोन ट्रे बर्फ. अकरा सेकंद. पण मध्येच दूधवाल्याने बेल वाजवली. (शर्मिला म्हणते, बेल नंतर वाजली.)

गुरुवार, ६
हडपसरला ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स केलेल्या माणसाला हे काय अवघड? (चार दिवस केला. अर्जंट काम निघालं होतं.)

शुक्रवार, ७
सराव रद्द. हात फ्रेश ठेवायला हवा.

शनिवार, ८. दुपारी
लॅब. डोक्यावर टोपी, केसांत थंडगार जेल. मॅडम म्हणाल्या, सैल बसा, सहन झालं नाही तर खुशाल हात काढा. म्हटलं, हे वाक्य इतरांसाठी ठेवा.
सत्तावीस सेकंद. माझ्या अंदाजाने दोन मिनिटं. घड्याळ तपासायला सांगितलं. मॅडमनी दुसरं घड्याळ आणलं. तेही बिघडलेलं.
बायकाही हव्या होत्या, म्हणून सोबत आलेली शर्मिला बसली. मुलगी माझ्याकडे. तिचा हात पूर्ण तीन मिनिटं पाण्यात. चेहऱ्यावर काहीच नाही. बाहेर आल्यावर विचारलं, दुखलं नाही ना? म्हणाली, "दुखलं की. खूप."
टॉवेल दिला.

मंगळवार, ११
मॅडमचा फोन. शर्मिलाचं रेकॉर्डिंग फार सुंदर आलंय, तिला पुढच्या प्रयोगालाही बोलावलंय. माझ्याबद्दल काहीच बोलेनात. शेवटी मीच विचारलं, माझ्या मेंदूचं काय?
म्हणाल्या, "अहो, तुम्ही दात इतके आवळले होते की मेंदू कुठे दिसतच नाही. जबडा मात्र स्पष्ट आलाय."
हे शर्मिलाला सांगायचं नाही, असं ठरवून फोन ठेवला.
फोन स्पीकरवर होता.